भाग २३ : आजीचा प्रश्न आणि ह्यूमसाहेबांची लांबलेली रजा

आज पाहुणा नाही, मी एकटाच आहे. गेल्या महिन्यात नागापूरला आमच्या तरुण संघापुढे बोललो होतो, तेच थोडं नीट करून इथे सांगतो. त्या दिवशी मागे एमआयडीसीच्या गाड्यांचा इतका आवाज होता की रेकॉर्डिंग ऐकण्याजोगं राहिलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. मध्यंतरी कंपनीने चौदा महिने बोस्टनजवळ ऑनसाइट पाठवलं होतं. थंडी, एकटेपणा, शनिवारी कपडे धुणं आणि रविवारी देऊळ. तिथल्या मंडळीने खूप जीव लावला, हे आधीच सांगतो, कारण पुढचं ऐकून गैरसमज नको.

एका रविवारी त्यांची मिशनसाठीची खास उपासना होती. पाळकांनी विचारलं, पाच मिनिटं साक्ष देशील का? तुमच्या घरी शुभवर्तमान कसं पोहोचलं ते सांग. मी तयारच होतो. आपण इंजिनियर लोक क्लायंटला डेमो देतो तेव्हा काय करतो? जे स्क्रीन चालतात तेवढेच दाखवतो. मीही तेच केलं. सांगितलं की माझे खापरपणजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळात पोरके झाले, मिशनने त्यांना सांभाळलं, शिकवलं, त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याआधी आमच्या घरात अंधार होता. टाळ्या पडल्या. दोन बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशीचं दानही बरं जमलं म्हणे.

व्हिडिओ घरी पाठवला. आजीला इंग्रजी येत नाही, तर बहिणीने तिला ओळ न् ओळ मराठीत करून सांगितली. संध्याकाळी फोन आला. कौतुक होईल असं वाटलं होतं. आजी म्हणाली, "अंधार म्हणजे काय रे? त्याची आई स्वतः उपाशी राहिली आणि पोराला जगवलं. तिच्या घरात अंधार होता?"

मी म्हटलं, आजी, तसं नाही, ती बोलण्याची पद्धत आहे. तर म्हणाली, "मग ती आता कुठंय?"

मला उत्तर देता आलं नाही. बाई दुष्काळात मेली, ख्रिस्ताचं नाव तिने ऐकलं असेल की नाही कोण जाणे. पोराने ऐकलं. पोराचं तारण झालं असं आपण म्हणतो. मग आईचं काय? मी फोनवर नेटवर्क जातंय असं म्हणून ठेवून दिला. खोटं बोललो, आजी हे ऐकत असेल तर माफ कर.

आता गंमत बघा. हाच प्रश्न आपल्या नगरच्या एका माणसाने अमेरिकेत भर सभेत उचलला होता, आणि त्यापायी त्याला परत नगरला यायला मिळेना. रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम. ह्यूम मेमोरियल चर्चवरून आपण हजार वेळा गेलोय, पण ह्यूम कोण हे मला बोस्टनला जाऊन वाचावं लागलं.

ह्यूम जन्माने मुंबईचे. १८४७ चा जन्म, आईवडील दोघंही अमेरिकन मिशनरी. १८५४ मध्ये कुटुंब अमेरिकेला निघालं आणि वडील वाटेत, जहाजावरच वारले. सात वर्षांचा मुलगा विधवा आईबरोबर अशा देशात उतरला, ज्याला सगळे त्याचं घर म्हणत होते. पुढे येल, मग अँडोव्हरची सेमिनरी, आणि १८७४ मध्ये ते नगरला आले. चार वर्षांनी त्यांनी इथे पाळक घडवणारी सेमिनरी सुरू केली. मग यांचं घर कुठलं? मिशनरी मंडळी 'होम' म्हणजे अमेरिका म्हणायची. मला तरी ते इतकं सरळ वाटत नाही.

काही वर्षांनी मिशनरीला रजा मिळायची. रजा म्हणजे आराम नव्हे. गावोगावच्या चर्चमध्ये जायचं, तिकडच्या गोष्टी सांगायच्या, लोकांची मनं आणि पाकिटं उघडायची. अमेरिकन बोर्ड ही संस्था १८१० मध्ये निघाली, १८१३ मध्ये तिचे पहिले लोक मुंबईत उतरले, नगरचं काम १८३१ पासून. इथल्या शाळा, शिक्षकांचे पगार, आपल्या पाळकांचे पगार, यांचा मोठा भाग तिकडच्या वर्गणीतून यायचा. आणि चित्र जितकं काळं, तितकी वर्गणी सोपी. मी पाच मिनिटांत जे केलं त्यामागे दीडशे-दोनशे वर्षांची सवय आहे. मला कोणी शिकवलं नव्हतं, तरी बरोबर तोच शब्द तोंडात आला.

ह्यूम रजेवर असताना, १८८६ मध्ये, अँडोव्हरला माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात बोलले. तेव्हा तिथे एक वाद पेटलेला होता. ज्यांनी या आयुष्यात ख्रिस्ताविषयी कधी ऐकलंच नाही, त्यांना मरणानंतर तरी देव ती संधी देईल का? अँडोव्हरचे काही प्राध्यापक म्हणत, अशी आशा धरायला हरकत नाही. बोर्डातले जुन्या मताचे लोक म्हणत, मग मिशनची गरजच काय उरली? सगळी नसच तुटेल. ह्यूम या आशेच्या बाजूने बोलले. हिंदुस्थानात नव्याने विश्वासात येणारा माणूस पहिल्यांदा आपल्या बापजाद्यांचं विचारतो, हे त्यांच्यासाठी पुस्तकातलं कोडं नव्हतं. बारा वर्षं ते आपल्याच लोकांत राहून आले होते.

झालं. बोर्डाने त्यांना परत पाठवणं थांबवलं. त्या ऑक्टोबरात डे मॉईनला बोर्डाचं वार्षिक अधिवेशन झालं, त्यात या मतावर मोठी खडाजंगी झाली. इकडे नगरला सेमिनरी, आणि माणूस तिकडे अडकलेला. विचार करा, नोकरी त्याची, संसार त्याचा, जन्मभूमीसुद्धा हीच. एक वाक्य मागे घेतलं असतं तर बोट पकडता आली असती. अखेर १८८७ मध्ये त्यांना परवानगी मिळाली आणि ते नगरला परतले.

(सहज आठवलं : त्याच काळात पंडिता रमाबाई अमेरिकेत फिरून शारदा सदनासाठी मदत गोळा करत होत्या. त्यांनाही तिथे 'घरची' गोष्ट सांगावी लागत होती. त्यांच्यावर वेगळा भाग करायचाय, म्हणून इथेच थांबतो.)

एका शनिवारी मी अँडोव्हरला गेलो. सेमिनरी तिथून १९०८ मध्येच हलली, जुन्या इमारती आता एका शाळेकडे आहेत. पोरं हिरवळीवर फ्रिस्बी खेळत होती. ह्यूमचं नाव मला तरी कुठे दिसलं नाही. थंडीत उभा राहून मी हिशेब केला. १९०० च्या दुष्काळात नगर भागात मदत वाटण्याच्या कामात ह्यूम पुढे होते, त्याबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदकही दिलं. म्हणजे ज्या मिशनने माझ्या खापरपणजोबांना उचललं, त्याच्या कामावर तेव्हा हाच माणूस होता. दोघांची गाठ पडली का, आमच्याकडे काही कागद नाही. पण त्या पोराने कधी विचारलं असेल की साहेब, माझी आई? तर समोर निदान असा माणूस होता, ज्याने त्या प्रश्नापायी स्वतःची बोट सोडली होती.

ह्यूमना देव्हाऱ्यात बसवायचं नाहीये मला. ते साहेबच होते. पैसा तिकडून येणार आणि पगार साहेबाच्या हातून मिळणार, ही व्यवस्था त्यांच्याही काळात चालूच राहिली. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, नगरला ह्यूमच्या सेमिनरीत शिकवायला लागले, तुकोबांना न सोडता ख्रिस्तापर्यंत आले. त्याच टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' मांडला. हे का झालं असेल, ते पगारावर जगणाऱ्या मला थोडं थोडं समजतं.

परत येण्याआधी त्या मंडळीने निरोपाच्या रविवारी पुन्हा बोलायला सांगितलं. या वेळी मी खापरपणजोबांच्या आईपासून सुरुवात केली. तिचं नाव आम्हाला माहीत नाही हेही सांगितलं. मागच्या वेळी मी अंधार म्हणालो ते चुकलं, असं म्हटलं. ह्यूमची गोष्ट सांगितली, त्यांच्याच राज्यातली, अर्ध्या तासावरची, आणि हॉलमध्ये ती कोणालाच माहीत नव्हती. टाळ्या झाल्या नाहीत. कॉफीच्या वेळी एक गृहस्थ म्हणाले, पण मग आम्ही पैसे कशासाठी पाठवायचे? रागाने नाही, खरंच विचारत होते. मी म्हटलं, मुलांच्या वसतिगृहाचं छप्पर गळतं म्हणून पाठवा. ते हसले, पण त्यांचं समाधान झालं असं मला वाटत नाही. पाळकांनी मात्र दारात हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

नागापूरला आलो तेव्हा आजी ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मी शेजारी बसून सगळं सांगितलं, ह्यूम, अँडोव्हर, कॉफीवाले गृहस्थ. तिने ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजे साहेबालाबी म्हाईत नव्हतं."

मी म्हटलं, नाही, त्यांनाही फक्त आशाच होती.

"मग बरंय," म्हणाली, आणि अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली.

आजच्या भागासाठी एवढंच. तुमच्या घरातल्या सगळ्यात जुन्या बाप्तिस्म्याआधीच्या माणसाचं नाव कोणाला आठवत असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मधलं नगर आपण शोधायला निघणार आहोत. सलाम.