फळ्यावर कुणाची स्क्रीन?



आपल्यापैकी बरेचजण घरातले पहिले पदवीधर आहेत. काहीजण तासिका तत्त्वावर शिकवूही लागले आहेत. म्हणून आज वायरलेस स्क्रीन मिररिंगबद्दल, म्हणजे आपला मोबाईल वर्गातल्या स्मार्ट बोर्डवर दाखवण्याबद्दल बोलायचं आहे.

बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये असताना शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावलं. तेव्हा सवर्ण मुलांनी धावत जाऊन फळ्यामागचे आपले डबे हलवले. धनंजय कीर यांनी चरित्रात हा प्रसंग दिला आहे. फळ्यापर्यंत पोहोचणं आपल्यासाठी कधीच साधी गोष्ट नव्हती.

आज मागच्या बाकावरची मुलगी जागेवरूनच आपलं उत्तर फळ्यावर पाठवू शकते. हे मोलाचं आहे. पण ही संधी कुणाला मिळते?

पहिली अडचण यंत्राची. एअरप्लेवरून स्क्रीन दाखवायला ॲपलचं यंत्र लागतं. मिराकास्टला राउटर लागत नाही, पण ते प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये नसतं. ज्याचा फोन जोडला जात नाही, तो गप्प बसतो. आणि त्याला उत्तरच येत नाही असं समजलं जातं.

दुसरी अडचण उघडं पडण्याची. मिररिंगमध्ये स्क्रीनवरचं सगळं दिसतं: वॉलपेपर, शिष्यवृत्तीचा मेसेज, घरून आलेली पैशांची विचारणा. फोनला पूर्ण नाव दिलं असेल तर जोडताना आडनावही झळकू शकतं. आडनावावरून जात हुडकणाऱ्या वर्गात ही किरकोळ बाब नाही. बाबासाहेबांचा फोटो लपवा, असं मी म्हणत नाही. काय दाखवायचं हे विद्यार्थ्याने स्वतः ठरवावं, एवढंच म्हणणं आहे.

म्हणून शिकवताना एवढं करा. प्रत्येकाकडे फोन असेल असं धरून चालू नका. चार-पाच जणांच्या गटाला एक यंत्र द्या, शक्यतो कॉलेजचं. स्वतःचा फोन जोडायची सक्ती नको. जोडण्याआधी नोटिफिकेशन बंद करायला आणि फोनचं नाव बदलायला दोन मिनिटं द्या. जमेल तिथे पूर्ण स्क्रीनऐवजी फक्त फाईल दाखवू द्या. केबल आणि खडूही हाताशी ठेवा. आणि तास संपताना पाहा: आज फळ्यावर कोण आलं, कोण अजून आलंच नाही? पुढचा तास त्यांच्यापासून सुरू करा.

जय भीम, जय सावित्री!