स्पर्धकाच्या हाती दिलेली अक्षरे



ग्रंथालयाच्या शताब्दीत मुद्रकाचेही स्मरण व्हावे. जावजी दादाजींनी 1869 साली मुंबईत ‘निर्णयसागर’ छापखाना काढला. स्वतः छापत असतानाच त्यांनी आपले सुबक देवनागरी खिळे इतर छापखान्यांनाही विकले. आज तीच रीत ऑफसेटच्या ॲल्युमिनियम प्लेटांबाबत दिसते. संगणकावरून थेट प्लेट काढणारे यंत्र छोट्या मुद्रकाला परवडत नाही. मोठा मुद्रक त्याला प्लेट करून देतो. यंत्र रिकामे राहत नाही हा त्याचा लाभ. परंतु स्पर्धकाचा मजकूर आणि गिऱ्हाईक दोन्ही त्याच्या नजरेस पडतात. तेथे सचोटी ढळली, तर छोटा छापखाना बुडेल. आपल्यासारख्या संस्थांचे अहवाल व स्मरणिका अशाच छापखान्यांच्या आधाराने निघतात. स्पर्धा दरात जरूर असावी. अक्षर मात्र कोणी कोणाचे अडवू नये.