जुन्या वळणाच्या मतदाराशी बोलताना

(शिरवळ येथे सातारा-सांगली जिल्ह्यांच्या कार्यकर्ता बैठकीत केलेले भाषण)



पत्रिकेत आमच्या भाषणाचा विषय 'शेतकरी आणि मतदान' असा छापला आहे. विषय मोठा आहे. आम्ही त्यातला एकच माणूस उचलणार आहोत. प्रत्येक निवडणुकीनंतर कार्यकर्ते या माणसाची तक्रार घेऊन येतात. हा माणूस रस्ता रोकोला भाकरी बांधून येतो. लाठी पडली तरी पळत नाही. तुरुंगात चार दिवस काढतो. आणि मतदानाच्या दिवशी देव, देश, गाव आणि घराणे बघून बटण दाबून येतो. कार्यकर्ते चिडतात. म्हणतात, हा प्रतिगामी आहे, याच्या मागे वेळ घालवू नका.

प्रतिगामी हा शब्द शहरातल्या व्याख्यानमालेत शोभतो. बांधावर तो उपयोगाचा नाही. ज्याला जमीन, घर, कुळाचार आणि शब्द राखायचा आहे, त्याला शिवी देऊन काय मिळणार? आम्ही त्याला जुन्या वळणाचा मतदार म्हणतो. खंडाळा, फलटण, वाई, तिकडे तासगाव, कवठेमहांकाळ, जिथे गेलो तिथे अशा माणसांच्या ओट्यावर मुद्दाम बसलो आणि त्यांना बोलू दिले. आपल्या कार्यकर्त्यांना बोलायची सवय फार, ऐकायची कमी.

त्यातल्या एका तात्यांचे म्हणणे सांगतो. वय पंचाहत्तरीच्या पुढे, माळ घातलेली, वारी चुकवत नाहीत. आम्ही विचारले, तात्या, सरकारने काय करावे असे तुम्हाला वाटते? म्हणाले, "आवं सायब, सरकारनं चोर धरावा, सरहद्द राखावी, कज्जा लवकर मिटवावा. बाकीचं आमचं आम्ही बघतो."

कर्जमाफीबद्दल विचारले. "घेतलं तर फेडलं पायजे. पर मालाला भाव मिळू द्या, मग मागा."

फुकटचे वाटप त्यांना आवडत नाही. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली. महिन्याचे १,५०० रुपये सूनबाईंच्या खात्यावर पडतात. आम्ही हळूच तो विषय काढला. तात्या हसले. "आमचंच आमाला देत्यात, ते बी चिमटीनं."

यात प्रतिगामी काय आहे? डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठवली. त्या महिन्यांत आपला किती क्विंटल कांदा कोणत्या भावाने गेला, याचा हिशेब घरातल्या कर्त्याने काढावा आणि सूनबाईंच्या १,५०० शेजारी मांडावा. हे गणित तात्यांना आम्ही शिकवले नाही. त्यांनीच आम्हाला सांगितले.

तात्यांनी हा विचार पुस्तकातून घेतलेला नाही. पण या विचाराचा देशात एकदा पक्ष होता, हे नव्या पोरांना माहीत नसते. जानेवारी १९५९ मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात सहकारी संयुक्त शेतीचा ठराव झाला. बांध मोडा, जमिनी एकत्र करा, असा त्याचा रोख. भर अधिवेशनात चौधरी चरणसिंग त्याच्या विरोधात बोलले. त्याच वर्षी ऐंशी वर्षांच्या राजाजींनी प्राध्यापक रंगा आणि मिनू मसानी यांना बरोबर घेऊन स्वतंत्र पक्ष काढला. १९६२ ला लोकसभेत १८ आणि १९६७ ला ४४ जागा मिळाल्या. महाराष्ट्रात मात्र त्याने मूळ धरले नाही. आपल्याकडे कारखाना, जिल्हा बँक आणि काँग्रेस ही एकाच वाड्याची तीन दालने होती. वाड्याबाहेर कोण जाणार? १९७४ ला तो पक्ष भारतीय लोकदलात विरून गेला. वीस वर्षांनी, १९९४ मध्ये, याच साताऱ्यात जन्मलेल्या शरद जोशींनी ते नाव पुन्हा उचलले आणि स्वतंत्र भारत पक्ष काढला. त्याला किती मते पडली हे आपण जाणतो. विचार पटला तरी मत देताना हात दुसरीकडे जातो, हे दुखणे आजचे नाही.

आता जमिनीकडे येऊ. तात्या म्हणतात, बापजाद्याची जमीन म्हणजे आई. तिला कोणी हात लावायचा नाही. बरोबर आहे. पण तात्यांनी ज्यांना ज्यांना मत दिले, त्यांनी या आईचे काय केले?

घटना अमलात येऊन दीड वर्षही झाले नव्हते, तोच १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती झाली. नववे परिशिष्ट जोडले गेले. सुरुवातीला त्यात १३ कायदे होते. आज यादी २८४ वर गेली आहे. या परिशिष्टाचा उद्देशच असा की, मूलभूत हक्काचा भंग होतो म्हणून शेतकऱ्याला कोर्टात दाद मागता येऊ नये. पुढे १९७७ ला आणीबाणीविरुद्ध देश उठला. जनता पक्षाचे राज्य आले. त्यात चरणसिंग होते, स्वतंत्र पक्षाचे उरलेसुरले लोकही होते. या सरकारने काय करावे? १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढून टाकला! ज्यांनी राखायचा त्यांनीच तो घालवला. कलम ३०० अ मध्ये तो साधा कायदेशीर हक्क म्हणून उरला.

शिरवळकरांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. या पट्ट्यात जमीन रस्त्याला गेली, कालव्याला गेली, औद्योगिक वसाहतीला गेली. १८९४ चा इंग्रजी भूसंपादन कायदा जाऊन २०१३ चा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून आला खरा. पण औद्योगिक वसाहतीचे संपादन १९६१ च्या वेगळ्या राज्य कायद्याने चालते. कलम ३२ ची नोटीस येते. सातबाऱ्यावर इतर हक्कात शिक्का पडतो. शिक्का पडला की जमीन विकता येत नाही आणि बँक दारात उभे करत नाही. कारखाना येईल तेव्हा येईल, शिक्का मात्र आजच बसतो.

याला दुसरी बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे. नवव्या परिशिष्टातल्या पहिल्या १३ कायद्यांत मुंबईचा १९४८ चा कूळकायदा होता. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. त्या दिवशी कसणारी कुळे मालक मानली गेली. या मंडपातल्या किती जणांची जमीन त्या कायद्याने आली आहे, हे आम्ही हात वर करून विचारत नाही. तात्यांची त्यातच आली. आम्ही म्हटले, तात्या, मालमत्ता पवित्र, तर मूळ मालकाची नव्हती का? तात्या बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बापानं तीस वर्सं कसली. नांगर त्याचा, घाम त्याचा. त्यो न्याव होता." आम्हालाही तो न्यायच वाटतो. पण कसणाऱ्याला मालक करण्यासाठी केलेली तरतूद पुढे कसणाऱ्यालाच हलवण्यासाठी वापरली गेली, हेही तितकेच खरे. सरकारच्या हातात दिलेले हत्यार कोणावर चालेल, हे देणाऱ्याला ठरवता येत नाही.

याच जागी आमचा आणि तात्यांचा पहिला खरा वाद झाला, आणि तो बैलावरून झाला.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या. सातारा-सांगलीत सुतक पडले. डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा कायम केला. गुलाल उधळला गेला. तात्याही त्यात होते. या सात वर्षांत आपण काय सांगत होतो? खिलार टिकवायचा तर शर्यत टिकली पाहिजे. बैलाला मोल राहिले नाही तर कोण त्याला पेंड घालील? प्राणिप्रेमींना बैल कळत नाही, तो दावणीला बांधणाऱ्याला कळतो. शंभर टक्के बरोबर.

पण मधल्याच काळात, मार्च २०१५ मध्ये, दुसरा कायदा आला. गाईची कत्तल महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने बंद होतीच. १९९५ ला विधिमंडळाने मंजूर केलेल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळूही त्यात आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत, दंड दहा हजारांपर्यंत. तात्यांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. गाय आमची माता आहे, म्हणाले.

त्या श्रद्धेवर आम्ही बोट ठेवत नाही. आम्ही शेतीशास्त्र शिकलो आहोत, आम्ही फक्त वैरणीचे बोलतो. चारशे किलो वजनाच्या बैलाला रोज आठ किलो सुका चारा धरा. वर्षाला झाला जवळजवळ तीन टन. कामाचा बैल दहा-बारा वर्षे नांगर ओढतो. मग त्याचे खूर झिजतात, खांदा बसतो. पूर्वी तो बाजारात जाई, त्याच्या पैशात भर घालून नवा खोंड येई. शेतकऱ्याची ती घसारा निधीची पेटी होती. ती पेटी २०१५ ला बंद झाली. म्हातारा बैल पुढे पाच वर्षे जगला तर पंधरा टन चारा खाणार. दुष्काळी खटाव-माणमध्ये तो आणायचा कुठून? आणि तो बैल सांभाळा म्हणणारा एकजण तरी पेंढी घेऊन आला का?

दूधवाल्याचे दुखणे आणखी वेगळे. संकरित गाईला गोऱ्हा झाला तर त्याला वशिंड नाही, उन्हात तो टिकत नाही, औताला चालत नाही. त्याच्या वाट्याचे दूध विकले जाते आणि तो आठ-पंधरा दिवसांत गोठ्याच्या कोपऱ्यात मरतो. त्याची नोंद कोणत्याही पोलीस ठाण्यात होत नाही. आपल्याच गोठ्यात हे घडते. शिरवळला १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या पोरांना विचारा, गोऱ्ह्यांचे काय होते.

बाजाराला जनावर घेऊन जाणाऱ्याला वाटेत अडवणारे भेटतात, हे तुम्ही जाणता. २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी समाजाने जनावरांची खरेदी थांबवली, तेव्हा गाडीभाडे भरून नेलेली जनावरे शेतकऱ्यांनी परत आणली. त्या बाजारात हिंदू-मुसलमान हा प्रश्न नव्हता. विकणारा आणि घेणारा एवढेच होते, आणि दोघेही उपाशी राहिले.

आम्ही तात्यांना म्हटले, शर्यतीच्या वेळी तुम्ही म्हणत होता, माझ्या दावणीत सरकार नको. मग २०१५ ला सरकारला दावणीत कोणी आणून बसवले? तात्या रागावले. आम्हाला चहा न देता उठले. दोन आठवड्यांनी त्यांचाच निरोप आला, या म्हणून. मत बदलले असे ते म्हणाले नाहीत. एवढेच म्हणाले, "मला माझा बैल इकायचा नाय. पर शेजाऱ्यानं काय करावं, ते मी कशाला सांगू?" मायबहिणींनो, आम्हाला एवढे पुष्कळ झाले.

आरक्षणावर तात्यांशी बोलणे लांबले नाही. नातवासाठी त्यांना ते हवे आहे आणि मागताना लाजही वाटते. शेती पिकून पैसा राहिला असता तर पोरे दाखल्यासाठी तहसीलला रांगेत उभी राहिली नसती, एवढ्यावर आमचे एकमत झाले. जातीबाहेरच्या लग्नाला त्यांचा विरोध आहे. आम्हाला तो मान्य नाही, हे आम्ही तोंडावर सांगितले.

राहिली लेकीची गोष्ट. नायगाव इथून जवळच. सावित्रीबाईंचा जन्म तिथला, ३ जानेवारी १८३१ चा. दरवर्षी ३ जानेवारीला तिकडे गाड्यांची रांग लागते, तात्याही हात जोडून येतात. पण बहिणीकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला आहे. महाराष्ट्राने १९९४ ला आणि दिल्लीने २००५ ला मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने उरलेली शंकाही मिटवली. तरी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्राची रांग हटत नाही. तात्या म्हणतात, कायद्यानं समाज बदलत नाय. अगदी कबूल. मग समाज कशाने बदलतो? १९८६ ला चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या हाकेला हजारो शेतकऱ्यांनी ओ दिली आणि आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावे केला. कोणत्या तहसीलदाराने सक्ती केली नव्हती. माळ घातलेले, मिशीवाले, जुन्या वळणाचेच होते ते! घर राखायचे तर घर राखणारणीचे नाव सातबाऱ्यावर पाहिजे, ही गोष्ट त्यांना जुन्या वळणातूनच पटली. तात्यांना अजून पटलेली नाही. सूनबाई आतून ऐकत होत्या.

तर कार्यकर्त्यांना काम असे. पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक तालुक्याने अशा दहा घरांत बसून यावे. कोणाला मत दिले हे विचारू नये. तीन गोष्टी लिहून आणाव्यात. सातबाऱ्यावर कसला शिक्का आहे आणि कोणत्या वर्षी पडला. गोठ्यात न चालणारी जनावरे किती, आणि बाजारातून परत किती आली. घरातल्या बाईच्या नावे किती गुंठे आहेत आणि हक्कसोडपत्र कोणाकडून घेतले. चहा दिला तर घ्यावा, न दिला तर दोन आठवड्यांनी पुन्हा जावे. आणि कागद शाईने लिहावेत. मागच्या वेळचे पेन्सिलचे कागद जिल्हा कार्यालयात कोणालाच वाचता आले नाहीत.