घरचा पाव आणि तीन पुस्तके
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मागे एकदा मी घरी भाजलेला पाव मंडळात आणला, तेव्हा पुष्कळजणींनी विचारले, "हे कुठे शिकलात?" खरे सांगावयाचे तर तीन इंग्रजी पुस्तकांकडून आणि सासूबाईंकडून. त्यांच्याविषयी आज चार शब्द सांगते.

पहिले पुस्तक न्यूयॉर्कचे बेकर जिम लेही यांचे 'माय ब्रेड', २००९ सालचे. नवशिकीने आरंभ येथूनच करावा. मैदा ४०० ग्रॅम, पाणी ३००, मीठ ८ आणि यीस्ट अवघे १ ग्रॅम, म्हणजे पाव चमचा. मळणे नाहीच, कालवून झाकून ठेवावयाचे. पुढे ओव्हनमध्ये बिडाचे जाड भांडे चांगले तापवून त्यात गोळा घालावा व झाकण लावावे. पिठातलीच वाफ आत कोंडते, म्हणून पाव छान फुगतो आणि झाकण काढून भाजल्यावर कवच कुरकुरीत होते.

पुस्तकात लिहिले होते, पीठ १२ ते १८ तास ठेवा. मे महिन्यात मी रात्री पीठ कालवले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हात लावला नाही. पीठ फुगून खाली बसले, आंबट वास सुटला. पाव झाला तो पाटासारखा! मला रडूच यायचे बाकी होते. सासूबाईंना इंग्रजीचे अक्षर येत नाही. त्या म्हणाल्या, "अगं, उन्हाळ्यात आंबोळीचं पीठ किती वेळ ठेवतो आपण? घड्याळ काय बघतेस, पीठ बघ."

पुस्तक पुन्हा उघडले. तो वेळ सुमारे २२ अंशांच्या खोलीसाठी सांगितलेला होता. ती ओळ मी वाचलीच नव्हती! पुढच्या खेपेस सहा-सात तासांतच पीठ तयार झाले.

दुसरे पुस्तक केन फोर्किश यांचे 'फ्लोअर वॉटर सॉल्ट यीस्ट', २०१२ सालचे. हे गृहस्थ संगणकाच्या क्षेत्रातून बाहेर पडून पोर्टलंड येथे बेकर झाले. वेळ आणि उष्णता हेही जिन्नसच समजावेत, असे ते सांगतात. सर्व मापे वजनाने. वाटी दाबून भरली तर पीठ वाढते. तराजू फसवीत नाही. पीठ शंभर धरून बाकीचे जिन्नस टक्क्यांत मांडले, की पाव एक करा वा चार, हिशेब चुकत नाही.

तिसरे सॅन फ्रान्सिस्कोच्या चॅड रॉबर्टसन यांचे 'टार्टिन ब्रेड', २०१० सालचे. यात विकतच्या यीस्टवर भिस्त नाही. पीठ व पाणी घालून पोसलेले आंबवण विरजणासारखे जपावयाचे. चमचाभर पाण्यात टाकून तरंगले, तर ते तयार. हे वाचून दाखविताच सासूबाई हसल्या. "दहीवड्याचं पीठ आपण असंच तर बघतो!"

भगिनींनो, या पुस्तकांतील कृती मी मराठीतून एका वहीत उतरल्या आहेत. ती वही आज मंडळाच्या कपाटात ठेवीत आहे. पहिल्या पानावर सासूबाईंचे वाक्य आहे. पाव करणारीने त्यात महिना आणि पीठ फुगावयास लागलेले तास लिहावेत, एवढीच विनंती. वर्षभरात आपल्या गावच्या हवेचे पुस्तक आपणच तयार करू.