सायकलींची लांब शर्यत

कॅनडातल्या बॅन्फ गावाहून जूनमध्ये सायकलींची एक शर्यत सुटते. नाव तिचे टूर डिव्हाइड. रॉकी पर्वत चढत-उतरत ती अमेरिकेतून मेक्सिकोच्या सरहद्दीपाशी संपते. अंतर सुमारे ४,४०० किलोमीटर! वाट बहुतेक कच्ची. न्यू मेक्सिकोत पाऊस पडला की चिखलाने चाकेच फिरत नाहीत. सायकल खांद्यावर घ्यावी लागते. आपल्या काळ्या रानातली गत म्हणा ना! बिऱ्हाड सायकलीवरच बांधलेले. वाटेतल्या दुकानातून खाणे विकत घ्यावे. घरच्या माणसाने मागून आणून दिलेले चालत नाही. रीत कडक, पण मला ती आवडली. झोपलात तरी घड्याळ चालूच. २०१६ साली माइक हॉल नावाचा इंग्रज गडी चौदा दिवसांच्या आत पोचला. पहिल्या आलेल्यालाही रोख बक्षीस नसते, बरं का!