पऱ्हाटीचं फूल आणि पेन्सिल



मारेगावच्या शिवारात पऱ्हाटी कोणाला अनोळखी आहे?
तरी आज एक करून पाहा.
पेन्सिल घ्या, आणि पऱ्हाटीचं फूल आठवणीतून काढा.

फुलाखालची हिरवी आवरणं किती?
त्यांच्या कडा कशा?
इथं हात थांबतो.

आता धुऱ्यावर बसा.
फूल समोर ठेवून, सावकाश काढा.
आवरणं 3 असतात. कडा दातेरी.
आज उमललेली पाकळी दुधाळ दिसते.
उद्या तीच गुलाबी होते.
हे सारं रोज डोळ्यांसमोर होतं.
पण दिसलं, ते काढायला बसल्यावर.

हो, काढायला बसलं की दिसतं.

आपली मुलं चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत स्मरणचित्र काढतात.
माझ्या मते तिथं हातापेक्षा नजरेचा कस लागतो.

शास्त्रातही तसंच. स्पेनमध्ये रामोन इ काहाल नावाचे शास्त्रज्ञ होते.
ते सूक्ष्मदर्शकातून मेंदूच्या पेशी पाहत, आणि काढत.
प्रत्येक पेशी सुटी असते, हे त्यांनी दाखवून दिलं.
1906 साली ते नोबेलचे मानकरी ठरले.
त्यांची चित्रं म्हणजे त्यांचा विचारच होता.

आणि आपल्या वावरात?
ज्यानं निरोगी फूल काढलंय, त्याला डोमकळी चटकन कळते.
तिच्या पाकळ्या उमलत नाहीत.
गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या राहतात.
आत गुलाबी बोंडअळी असते.
अशी कळी दिसली, की लगेच तोडा, आणि अळीसकट नष्ट करा.