तासाची पहिली पाच मिनिटे



घंटा झाल्यापासून वर्ग प्रत्यक्ष अभ्यासाला लागेपर्यंत किती वेळ जातो, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. रोज 10 मिनिटे वाया गेली, तर 200 दिवसांच्या शालेय वर्षात 33 तासांहून अधिक वेळ हरवतो. घरी शिकविणारे कोणी नसलेल्या पाड्यावरील बालकाची ही हानी सहजी भरून निघत नाही.

यावरील उपायाची दिशा आपल्याच परिसराने दाखविली आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ यांनी त्यांना मोलाची साथ दिली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे कार्य बहरले. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. हाताला आवडीचे काम मिळाले की चंचल मनही स्थिरावते, हे सूत्र या कार्यातून दिसून येते.

वेवजीसारख्या गावातील शिक्षकालाही हे साध्य आहे. मुले येण्यापूर्वीच फळ्यावर एक छोटे काम लिहिलेले असावे. ते प्रत्येकाला कोणाच्याही मदतीविना जमावे. शिक्षकाने दारात उभे राहून मुलांचे नावानिशी स्वागत करावे. मुले कामात असतानाच हजेरी घ्यावी. सूचना मोजक्या, हळू आवाजात आणि गरजेनुसार मुलांच्या बोलीत द्याव्यात. उशिरा आलेल्यास सर्वांसमोर न रागावता कामाला बसवावे. हा क्रम रोज तोच राहिला, की मुले न सांगता कामाला लागतात.

दरडावून मिळविलेली शांतता शिक्षकाची पाठ वळताच संपते. कामात रमल्याने लाभलेली शांतता टिकून राहते.